सोनचाफ्याचा खड्डा

आईची राख आम्ही तिसऱ्या दिवशी पोत्यात भरून घरी आणली. नाशकात असं कुणी करत नाही. इथं लोक राख घेऊन येतात. नगर-जळगावकडून, गुजरातेतून, पार मध्य प्रदेशातून लाल फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन येतात, रामकुंडावर सोडतात आणि परतीची गाडी धरतात. आम्ही तर काठावरचीच माणसं. गोदावरीला आमच्याकडे जुनी माणसं गोदावरी म्हणतच नाहीत, गंगा म्हणतात. त्या गंगेच्या काठावरच्या स्मशानातून आम्ही राख उचलली आणि फुलं वाहायच्या टेम्पोत ठेवली. तिथल्या राखणदाराने आयुष्यात काय काय पाहिलं असेल, पण तोही हातातला झाडू टेकवून उभा राहिला. म्हणाला, "गंगेवर आणणारे रोज बघतो. गंगेवरून नेणारे आजच बघतोय."

सावडायला बायकांनी जायचं नसतं. मी गेले. त्या दिवशी मला अडवायची कुणाची छाती नव्हती. थोरले काका एकदा खाकरले, मी त्यांच्याकडे पाहिलं, ते गप्प झाले. दूध शिंपडून झालं, अस्थी वेचून झाल्या, त्या आम्ही वेगळ्या ठेवल्या नाहीत म्हणून काकांचं पुन्हा एकदा खाकरून झालं. मग धाकट्या भावाने पाटीने राख भरायला घेतली आणि बाबांनी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. शेणखत भरताना धरायचे तसंच, अंगठे आत, बोटं बाहेर. वरची राख गार होती, आतली अजून कोमट होती. मी सुतळीने पोतं शिवलं. माझे टाके वेडेवाकडे आले आणि मला वाटलं, आता आई ओरडणार.

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं, म्हणून आधी ते सांगायला हवं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. शहर तेव्हा तिथवर पोचलेलं नव्हतं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. पिकवायचं बाबांनी आणि विकायचं आईने, ही वाटणी माझ्या जन्माआधीच झाली होती. बाबांना बाजार जमत नसे. गिऱ्हाइकाने "महाग आहे हो" म्हटलं की त्यांना ते खरंच वाटायचं. आई मात्र उजाडायच्या आत टेम्पोत बसून गोदाघाटावर जायची, आपल्या ठरलेल्या जागी गोणपाट अंथरायची आणि दुपार कलेपर्यंत तिथून हलायची नाही. तीसेक वर्षं तिने ती जागा चालवली.

तिची निम्मी विक्री अस्थी घेऊन आलेल्यांनाच व्हायची. ती त्यांना लांबून ओळखायची. म्हणायची, "हातात वजन काय नसतं, पण चालत्यात बघ कशी जड." त्यांच्याशी घासाघीस करायची नाही, त्यांना शिळं द्यायचं नाही, हे तिचे नियम. एरवी ती जिभेने कुणाला सोडत नसे. पुजाऱ्यांना, पोलिसांना, शेजारच्या नारळवाल्याला, सगळ्यांना रोज काही ना काही ऐकवायची. मला शाळेत असताना तिची लाज वाटायची. पुढे मी शिक्षिका झाले आणि वर्गात उभी राहून बोलायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून तिचाच आवाज निघतो हे कळलं. तेव्हापासून लाज वाटेनाशी झाली.

नव्वद सालानंतरचीच कधीतरी गोष्ट. मी डी.एड. करत होते, सुट्टीत तिच्यासोबत बसायला जायचे. एक मोठं कुटुंब आलं होतं. दक्षिणेवरून त्यांचं आणि गुरुजींचं जोरजोरात चाललं होतं. त्या गोंधळात कुणाच्या तरी हातून मडकं पायरीवर निसटलं. राख पायरीभर झाली. मागचे लोक ती तुडवत पुढे गेले, आणि आमच्याकडूनच नेलेली शेवंती त्यांच्या पायांना चिकटून आली. आई ते बघत होती. शेजारची फुलवाली तिला रोज एक सोनचाफा द्यायची, तो तिने कानामागे खोचला आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "मला नका बाई आणू इथं. जन्मभर बाजार केला, मेल्यावर पण बाजारालाच नेता का? टाका मळ्यातच एखाद्या झाडाला."

मी म्हटलं, "कुठल्या झाडाला?"

"चाफ्याला घाला. त्याचा वास तरी बरा असतो."

आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती मापं टाकायला वळली. पुढच्या दहा वर्षांत तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. आमच्या मळ्यात सोनचाफा नव्हताच. बाबा म्हणायचे, आपली काळी, चुनखडीची जमीन त्याला मानवत नाही.

आई गेली ती शेवंतीच्या ऐन तोडणीत, दिवाळीनंतर. दोन हजार साल सरत आलं होतं. सकाळी तोडता तोडता "जरा बसते" म्हणून बांधावर बसली. बाबा दोन सऱ्या पुढे होते. त्यांनी मागे वळून हाक मारली तर तिने उत्तर दिलं नाही. तिने उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून ते धावले. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. मी नाशिकरोडच्या माझ्या शाळेतून पोचले तेव्हा तिच्या ओच्यात तोडलेली फुलं तशीच होती. ती कुणी काढली नव्हती, मीही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात बोलणं निघालं. थोरले काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. घरात त्यांचाच शब्द चालायचा. त्यांनी गुरुजींना निरोप धाडून ठेवला होता, अस्थी कधी, दहावा कुठं, सगळं ठरवून. तेव्हा मी मध्येच म्हणाले, "आईला गंगेवर जायचं नव्हतं. तिने मला सांगितलं होतं. मळ्यात टाका म्हणाली होती, चाफ्याच्या झाडाला."

काका म्हणाले, "कशाला सांगंल ती असं? दुनिया येते इथं मुक्तीसाठी, अन् आपल्या दारात गंगा असताना आपण तिला उकिरड्यावर टाकायची?"

"मळा म्हणजे उकिरडा नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. काकूंनी माझा हात दाबला.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवसांत ते कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "खरंच म्हणली होती का ती असं?"

मी म्हणाले, "हो."

ती हसत होती, हे मी सांगितलं नाही. कानामागे फूल खोचता खोचता म्हणाली, मग गिऱ्हाइकाकडे वळली, हेही नाही. मला त्या क्षणी काकांचं तोंड बंद करायचं होतं. खरं सांगायचं तर तेवढंच करायचं होतं.

बाबा म्हणाले, "मग मळ्यात." काका उठून बाहेर गेले.

आता खड्ड्याचं. बाबांनी स्वतः जाऊन नर्सरीतून सोनचाफ्याचं कलम आणलं. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला, दोन फूट लांब, दोन फूट खोल. बाबांचा हात मापाचा होता, हे आमच्याकडे येणारी प्रत्येक मजूरबाई सांगेल. खत असो, औषध असो, बी असो, कुणी जास्त टाकलं की ते लांबून ओरडायचे, "हात आवर!" राख तर आमच्याकडे नेहमीची. घेवड्यावर माव्याची कीड पडली की चुलीतली राख चाळून पहाटे दवावर धुरळायची, तीही चिमटीने. झाडाच्या बुडाशी राखेचा ढीग घातला तर मूळ जळतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्यांनी पोत्याची शिवण उसवली आणि पोतं खड्ड्यात उपडं केलं. अर्ध्यावर थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. सगळं रिकामं झाल्यावर त्यांनी पोतं उलटं केलं, आतली बाजू बाहेर, आणि खड्ड्यावर धरून झटकलं. मग शिवणीत अडकलेली राख नखाने काढली. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी भावाकडे. आम्ही दोघं शेतकऱ्याची पोरं. दोघांनाही कळत होतं, दोघंही बोललो नाही. वर चार बोटं माती पसरून बाबांनी कलम लावलं आणि कळशीने पाणी घातलं. पाणी शोषलं गेलं तसा करडा फेस वर आला.

महिन्याभरात पानांच्या कडा करपायला लागल्या. मग पानं पिवळी पडली, मग एक एक गळाली. मी दर रविवारी दोन बस बदलून मळ्यात जायचे आणि घरात पाऊल टाकायच्या आधी विहिरीकडे जायचे. बाबा सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. गोणपाट बांधून सावली केली होती. संक्रांतीपर्यंत नुसती काडी उरली. त्यांनी ती उपटली आणि दुसऱ्याच दिवशी नवं कलम आणून त्याच जागी लावलं. त्याच जागी! मला वाटलं, आता तरी कुणीतरी काही बोलेल. कुणी बोललं नाही. दुसरं कलम शिमग्याच्या आत गेलं.

आणि मग लोक बोलायला लागले. शेजारच्या मळ्यातली म्हातारी मला वाटेत गाठून म्हणाली, "बाई, तुझ्या आईचा जीव अडकलाय गं तिथं. झाड लागू देईना ती." दहाव्याला कावळा उशिरा शिवला होता, तेही लोकांना आठवलं. काका एक दिवस मुद्दाम आले. ओरडले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. बाबांच्या शेजारी बसून म्हणाले, "जे झालं ते झालं. त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करून घेऊ. गती मिळाली नाय तिला, तिकडून मोकळी होईल." ते आईपेक्षा वयाने मोठे, पण तिच्या लग्नापासून तिच्याशी भांडत आलेले. त्यांचे डोळे भरले होते.

घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. नागबळी, अडकलेला जीव यांवर माझा विश्वास नव्हता. राखेने मुळं जळाली होती, एवढं साधं होतं ते. पण रात्रंदिवस मनात एकच चाललेलं असे, की एका बाईने कामाच्या गडबडीत केलेली थट्टा मी तिची शेवटची इच्छा म्हणून खपवली. सगळं जग जिथे यायला तळमळतं तिथून तिला उचलून मी खड्ड्यात पुरलं. माझ्या तोऱ्यासाठी. तिची इच्छा काय होती हे मला माहीतच नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती.

पुढच्या रविवारी मी बाबांना सांगून टाकलं. ते विहिरीजवळ वाळलेल्या काडीला पाणी घालत होते. मी म्हणाले, "बाबा, आई ते हसत म्हणाली होती. थट्टेत. मी तुम्हाला ते सांगितलं नाही."

त्यांनी कळशी रिकामी केली. मग म्हणाले, "उद्या रजा मिळंल का तुला? भावालाबी थांबव. खड्डा उकरायचा."

बस, एवढंच. रागावले का, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी रात्री तिथेच राहिले.

सकाळी ऊन कोवळं होतं. भावाने कुदळ घेतली, बाबांनी फावडं. वरची माती निघाली आणि खाली राख लागली, ओली होऊन बसलेली, चुन्यासारखी घट्ट. बाबांनी भावाला बाजूला केलं आणि खाली बसून हातांनी खरवडायला घेतली. मध्येच ते म्हणाले, "चार मुठीच घालायच्या होत्या. चार मुठीत झाड लागलं असतं. बाकीची रानात पांगवायची."

मी म्हणाले, "मग का नाही पांगवली? तुम्हाला तर माहीत होतं."

त्यांनी मूठ उघडून दाखवली. तळहातावर करडा लगदा होता, त्यात एक पांढरा खडा. "कोणती मूठ बाजूला काढू?" ते म्हणाले. "तूच सांग. ह्यातली कोणती मूठ ती नव्हती?"

भाऊ कुदळ टाकून विहिरीच्या पलीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

आम्ही राख घमेल्यांत भरून उन्हात पसरली, वाळल्यावर हाताने चुरली, कोरड्या मातीत कालवली. दुपारी बाबा म्हणाले, शेवंतीच्या रानात मुठीमुठीने फोकू. शेवंती काढून, नांगरून ते रान तापायला ठेवलेलं होतं. मी म्हणाले, "तिथे पुढे झेंडू लावणार ना? तो बाजारात जाईल."

"मग काय आता रान पडीक ठेवू?" ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं. चार महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्यावर खेकसले होते.

ते पुढे, मी दोन हात सोडून त्यांच्या मागे. डाव्या कमरेवर घमेलं, उजव्या हाताने फोकायचं. पहिल्या मुठीला माझा हात उघडेना. बोटं वळलेलीच राहिली. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "मूठ सैल सोड. हात चालता ठेव, थांबलीस की ढीग पडंल." लहानपणी खत फोकायला शिकवताना हेच म्हणायचे. मी हात चालता ठेवला. राख ढेकळांवर पडत होती आणि दोन पावलं पुढे गेलं की मागची दिसेनाशी होत होती. मी रडत होते आणि फोकत होते. एका सरीत आई संपत होती आणि पुढच्या सरीत पुन्हा सुरू होत होती, आणि घमेलं दर वळणाला हलकं होत होतं. मी शेवटी शेवटी मुठी लहान घ्यायला लागले. बाबाही लहान घेत होते. दोघांनीही एकमेकांना ते दाखवलं नाही.

बांधाशी पोचल्यावर ते टेकले. कपाळाचा घाम पुसायला गेले आणि कपाळ करडं झालं. पुसावं म्हणून मी पदर पुढे केला, पण त्यांनी मान हलवली.

"तू काल म्हणलीस ना," ते म्हणाले, "ती हसत म्हणली होती म्हणून."

"हो."

"मला त्याच दिवशी समजलं होतं. तुझं तोंड बघून." ते रानाकडे बघत बोलत होते. "अन् खरं सांगू का? तिला इचारलं असतं ना, तर गंगेवरच म्हणली असती. मळ्यात तिचा जीव कधी रमला नाय. रविवारी बाजार नसला तर घरात नुसती येरझाऱ्या घालायची. तिची माणसं तिथं, तिची भांडणं तिथं. लगीन झालं तवापासून मी हिकडं अन् ती तिकडं. पहाटं जायची, दुपारी दमून यायची. ह्या मळ्यात ती माझ्याजवळ अशी कधी बसलीच नाय."

"मग तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारलं.

"मला ती इथं पाहिजे होती," ते म्हणाले. "तू नसतीस बोलली तर मीच कायतरी रचून सांगितलं असतं."

घमेल्याच्या तळाशी मूठभर उरली होती. ती त्यांनी फोकली नाही. बांधावर, जिथे बसले होते तिथेच शेजारी ओतली आणि हाताने पसरून सारखी केली. घरी गेलो तर काका येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, तिची खरंच अशीच इच्छा होती ना, आता तरी खरं सांग. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो, अशीच होती."